पेट्रोग्राडमधील पांढरपेशा वर्ग (१९१७–२२)

मार्च १९१८ पर्यंत रशियाची राजधानी आणि पुतिलोव्हसारख्या अवाढव्य कारखान्यांचे शहर असलेल्या पेट्रोग्राडमधील (आजचे सेंट पीटर्सबर्ग) वकील, डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर व सरकारी कारकून यांचा वर्ग. मार्च १९१७ मध्ये झार पायउतार झाल्यावर आलेल्या हंगामी सरकारात याच वर्गाची चलती होती. परराष्ट्रमंत्री मिल्युकोव्ह इतिहासाचे प्राध्यापक, तर पुढे पंतप्रधान झालेले केरेन्स्की पेशाने वकील.

नोव्हेंबरमध्ये लेनिनच्या बोल्शेविक (पुढे कम्युनिस्ट) पक्षाने कामगारांच्या नावाने सत्ता घेतली, तेव्हा कारकुनांनी संप पुकारला. परराष्ट्र खात्याचा नवा प्रमुख ट्रॉट्स्की याच्याशी सहकार्य करायला बहुतेक अधिकारी तयार नव्हते. टेलिफोन केंद्रातल्या मुलीही काम सोडून निघून गेल्या. सर्वांत चिवट निघाली ती स्टेट बँक. नव्या सरकारला पैसा द्यायला तिने साफ नकार दिला. अखेर ३० नोव्हेंबरला ५० लाख रुबल पोत्यांत भरून स्मोल्नी या बोल्शेविकांच्या मुख्यालयात आणले गेले आणि लेनिनच्या कचेरीजवळ एका कपाटात पहाऱ्यात ठेवले गेले. काही काळ तोच सरकारी खजिना! या संपाने नव्या राजवटीला जेवढे जेरीस आणले, तेवढे राजधानीतल्या सशस्त्र प्रतिकारानेही आणले नसावे. २० डिसेंबरला स्थापन झालेल्या 'चेका' या गुप्त पोलीस यंत्रणेच्या अधिकृत नावात प्रतिक्रांतीच्या जोडीला 'साबोटाज' (कामात मुद्दाम घातलेला खोडा) हा शब्द आला, तो मुख्यतः याच संपामुळे. जानेवारी १९१८ मध्ये उदारमतवादी कॅडेट (घटनावादी लोकशाही) पक्षाचे नेते शिंगार्योव्ह (डॉक्टर) व कोकोश्किन (कायदेपंडित) यांची इस्पितळातच हत्या झाली.

संप ओसरला; पुढे उपासमारीने उरलासुरला ताठा मोडला. १९१८ पासून शिधा वर्गवार झाला : अंगमेहनतीच्या कामगाराला जास्त, 'बुर्झ्वा' ठरलेल्याला नाममात्र. घरातले फर्निचर आणि पुस्तके 'बुर्झुइका' नावाच्या छोट्या लोखंडी शेगडीत जाऊ लागली. सुमारे २३ लाखांचे शहर १९२० पर्यंत सात-आठ लाखांवर आले. त्यात गावी परतलेले कामगारही होतेच.

मात्र तज्ज्ञांवाचून सरकारचेही अडत होते. पगार व शिध्याच्या सवलती देऊन इंजिनिअरांना कामावर घेतले गेले. जानेवारी १९२१ मध्ये शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या विशेष शिध्यासाठी लेनिनने स्वतंत्र हुकूम काढला. नको असलेल्या विचारवंतांना १९२२ च्या सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये याच बंदरातून जर्मन जहाजांवर चढवून देशाबाहेर घालवण्यात आले. कारकून मात्र टिकले. सोव्हिएत यंत्रणा झारच्याच जुन्या नोकरशाहीला वरवर रंग फासून बनली आहे, असा लेनिनचा अखेरच्या काळातला त्रागा होता.