सेरेब्रल पाल्सी : व्याख्येबाहेर ठेवलेले दोष

1964 मध्ये सेरेब्रल पाल्सीची जी एका वाक्याची व्याख्या प्रसिद्ध झाली, तिच्यात अपरिपक्व मेंदूतील दोषामुळे किंवा इजेमुळे हालचालीत आणि शरीरस्थितीत आलेला बिघाड, एवढंच होतं. फिट, दृष्टी, श्रवण, आकलन, वर्तन यांचा उल्लेख नव्हता.

हे अज्ञानातून घडलं नाही. पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नाच्या एका मज्जातंतूतज्ज्ञाने 1890च्या दशकातच या मुलांमधल्या फिट, बौद्धिक अक्षमता आणि दृष्टिदोषांकडे बोट दाखवलं होतं. अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भातच सुरू झालेल्या बिघाडाचं लक्षण असू शकेल, हा त्याचा तर्क त्यावरच उभा होता. आईचा आणि बाळाचा रक्तगट न जुळल्याने तीव्र कावीळ झालेल्या बाळांत अनियंत्रित हालचाली आणि बहिरेपण एकत्र आढळतात, हेही 1964च्या आधीपासून माहीत होतं.

मग वगळलं का? वाक्य सुटसुटीत हवं होतं. इतर भाषांत सहज जावं आणि सगळीकडे मान्य व्हावं, अशी अपेक्षा होती. रुग्णांच्या मोजणीसाठी हे सोयीचंच. पण हालचाल हाच आजार ठरला की बाकीचं तपासणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतं.

बदल व्हायला चार दशकं लागली. अमेरिकेत 2004 मध्ये झालेल्या बैठकीतून तयार झालेली नवी व्याख्या 2007 मध्ये छापली गेली. तिच्यात संवेदना, आकलन, संवाद, वर्तन, अपस्मार (वारंवार येणाऱ्या फिट) आणि नंतर उद्भवणारे स्नायू-हाडांचे दोष आले, पण ‘अनेकदा सोबत असतात’ अशा शब्दांत. यावर आक्षेप असा, की जे असलंच पाहिजे असं नाही ते व्याख्येत कशाला? तर्काला धरून आहे, पण वैद्यकातली व्याख्या काय शोधायचं हेही सांगत असते.

खरा गुंता पुढे आहे. सोबतचा दोष मेंदूतल्या त्याच इजेतून आला, की हालचाल अडल्यामुळे? जे बाळ रांगत नाही, वस्तू हातात घेऊन उलटसुलट करत नाही, त्याचे शिकण्याचे अनुभवच कमी पडतात. शिवाय बोट दाखवता किंवा बोलता न येणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाची बुद्धी नेहमीच्या चाचणीने मोजली, तर हाताचा दोष बुद्धीच्या खात्यात जमा होतो. 2007च्या व्याख्येसोबतच्या टिपणाने दोन्ही शक्यता मान्य केल्या, पण एखाद्या मुलाच्या बाबतीत त्या वेगळ्या काढणं आजही कठीण आहे.

2012च्या एका आढाव्यात आकडे एकत्र आले : दर 4 मुलांपैकी 3 जणांना वेदना, 2 पैकी एकाला बौद्धिक अक्षमता, 4 पैकी एकाला अपस्मार, 5 पैकी एकाला झोपेचा त्रास. 2017 पासून निदान वयाच्या पहिल्या सहा महिन्यांतच शक्य असल्याचं सांगितलं जातं, त्यामुळे नजर आणि श्रवण तपासण्याची वेळही आता लवकर येते. वरच्या आकड्यांत सगळ्यात आधी असलेली वेदना आणि शेवटी असलेली झोप मात्र 2007च्या वाक्यातही नाहीत.