सेंट ऑगस्टिनच्या पांढऱ्या माळा

फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन हे गाव स्पॅनिश लोकांनी 1565 साली वसवलं, म्हणजे आपल्याकडे तालिकोटची लढाई झाली तेच साल. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपियनांनी वसवलेली आणि तेव्हापासून सलग नांदती राहिलेली याहून जुनी वस्ती नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत इथे लाइटिंग असतं, आयोजक 30 लाख दिवे सांगतात, आणि जवळजवळ सगळे पांढरेच. नाताळात खिडकीत पांढरी मेणबत्ती ठेवायच्या जुन्या स्पॅनिश पद्धतीवरून हे आलं असं सांगतात. मला तर हा एकरंगीपणाच सगळ्यात आवडतो, लाल-हिरवं लुकलुकणारं काही नसल्यामुळे जुन्या कमानी, बाल्कन्या, ओकची झाडं यांचे आकार नीट दिसतात. संध्याकाळी ब्रिज ऑफ लायन्सवर चालत जायचं आणि मध्यावर थांबून मागे वळून बघायचं, खाडीच्या पाण्यात अख्खं गाव उतरलेलं असतं.

गावाच्या मध्यभागी फ्लॅग्लर कॉलेज आहे, ते मुळात 1888 साली उघडलेलं पोन्स द लिऑन हॉटेल. एडिसनच्या डायनॅमोवर वीज खेळवलेल्या सुरुवातीच्या हॉटेलांपैकी हे एक, आणि पाहुणे स्विचला हात लावायला घाबरायचे म्हणून ते दाबायला माणसं ठेवली होती असं तिथे सांगतात. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर 1882 मध्ये, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या घरी ख्रिसमस ट्रीवर 80 लाल, पांढरे, निळे बल्ब लावले होते, तेही हाताने वायरिंग करून. त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायचे.

आता माळेबद्दल. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट येतात आणि जुनी तारेच्या बल्बची माळ म्हणजे 50 बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेत एकापाठोपाठ एक जोडलेले, प्रत्येकाच्या वाट्याला 2.4 व्होल्ट. सिरीज म्हटलं की एक बल्ब उडाला की सगळी माळ बंद, हे आपण सगळ्यांनीच दिवाळीत भोगलंय. यावरचा उपाय इतका सुंदर आहे की तो बल्ब हातात घेऊनच बघावा. आत फिलामेंटच्या खाली, दोन उभ्या काड्यांभोवती एक बारीक तार गुंडाळलेली दिसते, तिला शंट म्हणतात. तिच्यावर पातळ ऑक्साइडचा थर असतो त्यामुळे एरवी तिच्यातून करंट जातच नाही. फिलामेंट तुटलं की त्या एका बल्बवर एकदम पूर्ण 120 व्होल्ट येतात, तो थर फुटतो, तार जोडली जाते आणि करंट पुढे निघतो, बाकीचे 49 पेटतेच राहतात. पण आता तेच 120 व्होल्ट 49 जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकावर थोडा जास्त ताण, म्हणून उडालेला बल्ब वेळेत बदलला नाही की एकामागोमाग एक जायला लागतात. आणि शंट जोडला गेलाच नाही तर 100 ची माळ अर्धीच विझते, कारण तिच्यात 50-50 च्या दोन सिरीज असतात.

असा एक बल्ब साधारण 0.4 वॉट खातो आणि त्यातलं बरंचसं उष्णतेतच जातं. 30 लाखांचा हिशेब केला तर 1200 किलोवॉट! एलईडीला तेवढ्याच दिव्यांसाठी दोनशेच्या आसपास पुरतात. पण पांढरा एलईडी मिळायला आधी निळा लागला, कारण आत निळी चिपच असते, तिच्यावर निळ्या उजेडाने पिवळा चमकणारा फॉस्फरचा थर, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. तो निळा जमवणाऱ्या आकासाकी, अमानो, नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. स्वस्त माळेत अजून एक गंमत आहे, एलईडी एकाच दिशेने करंट घेतो आणि अमेरिकेत घरातला करंट सेकंदाला 60 वेळा मागे-पुढे होतो, त्यामुळे तो सेकंदाला 60 वेळा पेटतो-विझतो, नजर पटकन फिरवली तर रेषेऐवजी ठिपके दिसतात, आणि व्हिडिओत पट्टे येतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

हा उजेड अवकाशातूनही मोजता येतो. नासाच्या लोकांनी सुओमी एनपीपी उपग्रहाच्या डेटावरून 2014 मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या शहरांत थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या शेवटाचा सण) ते नववर्ष या काळात रात्रीचा उजेड 20 ते 50 टक्के वाढतो. (दरवर्षी फॉरवर्ड होणारा तो रंगीबेरंगी 'दिवाळीतला भारत' मात्र दिवाळीचा फोटो नाही, अनेक वर्षांचा डेटा एकत्र करून केलेला नकाशा आहे तो. प्लीज पुढे पाठवू नका.)

सेंट ऑगस्टिनच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून वर आली की जिकडचं क्षितिज जास्त उजळ तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो समुद्र असतो, पण मागे दिवे असले की ती रस्त्याकडेच वळतात आणि मरतात. तिथला कासवांचा सीझन मे ते ऑक्टोबर, म्हणजे नाताळच्या माळा लागतात तोवर घरटी संपलेली. गोव्यात मात्र उलट आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात येतात, म्हणजे ऐन ख्रिसमस आणि थर्टी फर्स्टच्या झगमगाटात! फ्लोरिडात किनाऱ्यालगत सीझनमध्ये अंबर किंवा लाल दिवे वापरतात, 560 नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचे, कारण त्या उजेडाने कासवं कमी भुलतात, आणि ते दिवे खाली लावून समुद्राच्या बाजूने झाकलेले असतात. असे दिवे मोरजीच्या शॅकलाही चालतील.