कोणता बर्फ वितळतो आहे? ध्रुवीय बर्फाच्या वादामागची पार्श्वभूमी

पुण्यात हवामानबदलावर जाहीर व्याख्यान झाले की प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला तर मुंबई बुडणार का? दुसरा जरा खवचट, अंटार्क्टिकातला बर्फ तर वाढत होता ना? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ‘बर्फ’ हा एक शब्द आपण अगदी वेगवेगळ्या वस्तूंना लावतो आणि मथळे लिहिणारे त्यात ‘हिमनग’, ‘हिमखंड’, ‘हिमकडा’ यांची भर घालतात. बर्फ माणसामुळे वितळतो आहे की आपोआप, हा कारणांचा वाद निम्मा इथेच अडकला आहे.

समुद्रबर्फ म्हणजे समुद्राचेच पाणी गोठून झालेला, फार तर काही मीटर जाडीचा तरंगता थर. उत्तर ध्रुवावर हाच आहे, त्याखाली जमीन नाही. हिमचादर म्हणजे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर लाखो वर्षांच्या हिमवर्षावाने साचलेला, मध्यभागी तीनएक किलोमीटर जाडीचा बर्फ. ही चादर किनाऱ्यापुढे समुद्रावर ओट्यासारखी पसरते आणि त्या ओट्याचा तुकडा निखळला की हिमनग होतो. हिमालयातल्या हिमनद्या ध्रुवावर नाहीतच, पण ‘तिसरा ध्रुव’ या नावाने त्याही याच वाक्यात येऊन बसतात. ‘हिमनग वितळल्याने समुद्र चढतो’ हे वाक्य तर सरळ चूक आहे. जमिनीवरचा बर्फ पाण्यावर उतरतो त्या क्षणीच पातळी चढते. नंतर तो वितळला काय आणि वर्षभर तरंगत राहिला काय, फरक नगण्य.

विज्ञान प्रदर्शनांत यासाठी दोन ग्लासांचा प्रयोग मांडतात आणि तो बऱ्याचदा फसतो. दोन सारखे, सरळ काठाचे काचेचे ग्लास घ्यायचे. एकात अर्ध्यापेक्षा जास्त पाणी भरून दोन-तीन बर्फाचे खडे सोडायचे. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोके काढेल असा दगड ठेवून तेवढेच खडे त्याच्या माथ्यावर ठेवायचे. बर्फ जागेवर बसल्यानंतर दोन्हींवर मार्करने पातळीची रेघ मारायची आणि तासभर थांबायचे. पहिल्याची रेघ हलत नाही, दुसऱ्याची चढते. फसतो तो तीन ठिकाणी. रेघ बर्फ टाकण्याआधी मारली तर दोन्ही ग्लासांत पातळी वाढलेली दिसते. पाणी कमी पडून खडा तळाला टेकला तर तो तरंगतच नसतो. आणि दगडावरून खडा घसरला तर दुसऱ्या ग्लासातली पातळी एकदम उडी मारते. या शेवटच्या फजितीला परीक्षक गुण कापतात, पण जमिनीवरचा बर्फ किनारा सोडून समुद्रावर उतरतो तेव्हा नेमके हेच घडते. खरा समुद्र खारा आणि बर्फ जवळजवळ गोडा असल्याने तरंगता बर्फ वितळूनही पातळी किंचित चढते. मार्करच्या रेघेत ती दिसणार नाही.

आकड्यांत सांगायचे तर जमिनीवरचा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगभरची पातळी एक मिलिमीटर चढते. ग्रीनलँडची चादर पूर्ण गेली तर सात मीटरहून जास्त, अंटार्क्टिकाची गेली तर पन्नास मीटरहून जास्त. मुंबईची चिंता करायची ती या दोन चादरींमुळे. उत्तर ध्रुवाच्या समुद्रबर्फाचा घात वेगळ्या वाटेने होतो. ताजा हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो, तर उघडे पाणी बहुतेक सगळा पिते. बर्फ हटला की पाणी तापते आणि तापलेले पाणी पुढच्या वर्षीचा बर्फ पातळ ठेवते.

वादाची सलग आकडेवारी १९७८च्या अखेरीस सुरू होते. तेव्हापासून उपग्रह सूक्ष्मलहरींनी ढगांतून आणि सहा महिन्यांच्या काळोखातूनही समुद्रबर्फ मोजू लागले. इथे एक निर्णय झाला आणि त्याची किंमत आजही मोजावी लागते. समुद्राचे साधारण २५ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले गेले आणि ज्या चौकोनात निदान १५ टक्के बर्फ, तो पूर्ण बर्फाचा धरायचे ठरले. एक चौकोन ६२५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे महापालिकेच्या आजच्या हद्दीपेक्षा मोठा. त्यात जेमतेम ९४ चौरस किलोमीटर बर्फ असला तरी हिशेबात ६२५ लागतात. या बेरजेला ‘विस्तार’ म्हणतात. चौकोनातला प्रत्यक्ष बर्फ तेवढाच मोजला तर ते ‘क्षेत्रफळ’, आणि हा आकडा नेहमीच लहान येतो.

यात लबाडी आहे, असा आरोप दोन्ही बाजूंनी झाला. खरे कारण अगदी व्यावहारिक होते. उन्हाळ्यात बर्फाच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला डबके आणि उघडा समुद्र यांत फरक कळत नाही, त्यामुळे क्षेत्रफळ प्रत्यक्षापेक्षा कमी येते. बर्फाची कड मात्र १५ टक्क्यांच्या नियमाने बऱ्यापैकी नेमकी सापडते आणि वर्षागणिक तुलना टिकते. म्हणून विस्तार. गोंधळ होतो तो एका बातमीत विस्तार आणि दुसरीत क्षेत्रफळ छापले जाते तेव्हा. वाचकाला वाटते, दोन आठवड्यांत दहा लाख चौरस किलोमीटर बर्फ गायब झाला! शिवाय दोन्ही मापांना जाडी दिसत नाही. अनेक वर्षे टिकलेला जाड बर्फ जाऊन त्या जागी एका हिवाळ्याचा पातळ बर्फ आला, तरी विस्तार तेवढाच राहतो.

या मापाने उत्तर ध्रुवाचा सप्टेंबरमधला नीचांक १९७९च्या सुमारास ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होता. २००७ मध्ये तो ४२ लाखांपर्यंत घसरला, २०१२ मध्ये ३४ लाखांपर्यंत, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा थोडासाच जास्त. दक्षिणेत उलटे चालले होते. तिथला समुद्रबर्फ हळूहळू वाढत सप्टेंबर २०१४ मध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या अखेरीस, दोन कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेला. वरचा खवचट प्रश्न त्या वर्षांतला. २०१६ पासून तिथे पडझड सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या उन्हाळ्यातला नीचांक १८ लाखांच्याही खाली गेला. प्रश्न विचारणाऱ्यांनी आलेख २०१४ लाच थांबवला आहे. मात्र ही वाढही खरी होती आणि ती का झाली हे तेव्हाच्या संगणकी प्रारूपांना नीट सांगता आले नव्हते, हेही मान्य करायला हवे.

हिमालयाची गोष्ट इथे मध्ये येते, कारण आपल्याकडे अविश्वासाचे बी तिने पेरले. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २००७च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असे छापले गेले. आकडा तपासलेल्या संशोधनातून आला नव्हता. १९९६च्या एका जुन्या अहवालात साल होते २३५०, आणि तेही ध्रुवांबाहेरच्या जगभरच्या हिमनद्या आक्रसण्याबद्दल. जानेवारी २०१० मध्ये चूक कबूल झाली. हजारेक पानांतला एक परिच्छेद, पण त्यानंतर कित्येक वर्षे ‘ते २०३५वाले’ एवढे म्हटले की चर्चा संपायची.

कारणांच्या वादाचा जुना भाग थोडक्यात उरकता येतो. हवेतले काही वायू उष्णता अडवतात, हे १८५०च्या दशकात प्रयोगाने दिसले. कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती चढेल, याचे पहिले गणित १८९६ चे. १९५८ पासून हवाई बेटावरच्या डोंगरावर या वायूचे सलग मोजमाप आहे. तेव्हा दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या पुढे. हा वाढीव कार्बन जमिनीतून काढलेल्या इंधनाचाच, हे त्यातल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) बदलत्या प्रमाणावरून ओळखता येते. सूर्यावर बोट ठेवणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी अडचणीच्या ठरतात. १९७८ पासून उपग्रहांनी मोजलेल्या सूर्याच्या तेजात अकरा वर्षांचे चढउतार आहेत, पण वर जाणारा कल नाही. आणि सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतो आहे.

‘आधी तापमान वाढते, मग कार्बन, सुमारे आठशे वर्षांनी’ हा कार्बनला निर्दोष ठरवणारा मुद्दा बर्फाच्या गाभ्यांतून, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यांतून निघाला. अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉकचा गाभा चार लाख वर्षांपलीकडे जातो. हिम पडल्याबरोबर त्यातली हवा बंद होत नाही. थर दाबला जाऊन सत्तर ते शंभर मीटर खोल गेल्यावर बुडबुडे बंद होतात. त्यामुळे एकाच तुकड्यातली हवा बर्फापेक्षा तरुण असते, आणि कमी हिमवर्षावाच्या जागी हा फरक काही हजार वर्षांचा असतो. तापमान बर्फावरून आणि कार्बन हवेवरून काढायचा, म्हणजे फरकाचा अंदाज जरा चुकला की आठशे वर्षे आली किंवा गेली. २०१३च्या फेरमोजणीत शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीसाठी हा विलंब जवळजवळ शून्यावर आला. तेव्हाची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली होती आणि कार्बनने ती तापवण पुढे रेटली, यावर फारसा वाद उरलेला नाही.

पुण्याचा या विषयाशी संबंध बर्फातूनच आला. १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज निघाला तो हिमालयातला बर्फ बघून, बर्फ जास्त तर पाऊस कमी या हिशेबाने. हा अंदाज काढणाऱ्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरला रिक्षावाले आजही ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या नोंदींचे भांडार इथेच राहिले. कोणत्या सालांशी तुलना करायची, हा झगडा पुणेकरांनी पावसात पाहिलेला आहे. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८९ सेंटिमीटरची ८८ झाली आणि २०२२ मध्ये ८७. म्हणजे ८७ सेंटिमीटर पाऊस जुन्या मापाने ९८ टक्के, नव्याने शंभर. पाऊस तोच. बर्फाची तुलना १९८१ ते २०१० च्या सरासरीशी होते, जागतिक तापमानाची १८५० ते १९०० शी. मुख्यतः पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२०च्या अहवालातली भारताची सुमारे ०.७ अंशांची वाढ आहे १९०१ ते २०१८ मधली. ती जागतिक आकड्याशेजारी ठेवून ‘आपल्याकडे कमीच तापले’ म्हणणाऱ्यांनी आधी साले वाचावीत.

चादरींचे वजन २००२ पासून उपग्रहांची जोडी मोजते. एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटरवर धावणाऱ्या या जोडीतले अंतर खालच्या गुरुत्वाकर्षणाने किंचित बदलते, त्यावरून वस्तुमान काढतात. ग्रीनलँड वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त गमावते, अंटार्क्टिका त्याहून कमी. पण हिमयुगात बर्फाखाली दबलेली जमीन अजून वर उचलली जाते आहे, तिचा परिणाम मोजणीतून वजा करावा लागतो, आणि ती दुरुस्ती अंटार्क्टिकात मोठी आणि अनिश्चित आहे.

आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालात म्हणूनच तीन वेगळे निकाल आहेत. उत्तर ध्रुवाचा समुद्रबर्फ घटण्यामागे मुख्य कारण माणूस, ही खात्री मोठी. ग्रीनलँडच्या पृष्ठभागाच्या वितळण्यात माणसाचा हात, हीही बरीच पक्की. अंटार्क्टिकाच्या चादरीबाबत पुरावा मर्यादित. पश्चिम अंटार्क्टिकात ओट्याला पोखरते आहे ती तापलेली हवा नव्हे, तर खोलातले कोमट पाणी, तेही खालून. ते पाणी किनाऱ्याकडे ढकलणारे वारे माणसामुळे किती बदलले आणि आपोआप किती, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत.