जुनी लोखंडी बोट घेताय? आधी फळ्या उचलून खाली बघा

(आमच्या वर्कशॉपकडून गिऱ्हाइकांसाठी, निवांत वाचा)

आम्हाला फोन बहुतेक असा येतो की दादा बोट घेतली, आता बघायला कधी येताय. आम्हाला खरं तर टोकन द्यायच्या आधीचा फोन हवा असतो. ठाण्यापासून वसईच्या खाडीपर्यंत आणि इकडे बेलापूर-पनवेल साइडला जुन्या स्टीलच्या लाँच, छोटे टग, वर्कबोट विकायला निघतात, कोळीवाड्यातली मंडळी लाकूड नाहीतर फायबर पसंत करतात त्यामुळे लोखंडी बोटीला गिऱ्हाईक कमी आणि मग किंमत ऐकून माणूस हुरळतो. पण किंमत, इंजिन, वरची केबिन, सोफा हे सगळं नंतर. आधी पत्रा किती उरलाय ते कळलं पाहिजे, कारण सगळा खर्च त्याच्यावर ठरतो.

लोखंडी बोट बाहेरून कमी आणि आतून जास्त सडते. बाहेरून दर वेळी वर काढली की रंग लागतो, आत कोण वाकून जातंय? इंजिनखाली, पाण्याच्या टाकीमागे, संडासाच्या खाली पावसाचं पाणी, गळकं तेल आणि पत्र्याला सुटलेला घाम साचून राहतो. फ्रेमच्या (बोटीच्या आतल्या लोखंडी बरगड्यांच्या) तळाला पाणी वाहून जायला छोटी अर्धगोल भोकं ठेवलेली असतात, ती गाळाने बुजली की प्रत्येक कप्प्याचं डबकं होतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच. म्हणून फळ्या उचला, टॉर्च मारा. सगळी बोट मळकी आणि फक्त तळ नवाकोरा रंगवलेला दिसला तर समजून जा. तळात सिमेंट ओतलेलं असेल तर लगेच घाबरू नका, ते घट्ट चिकटलेलं असेल तर खालचं लोखंड चांगलं राहतं, पण कडेला फट दिसली की त्यात पाणी शिरलेलंच धरा.

आता गंजाबद्दल लोकांचा उलटा समज असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो, त्यामुळे जाड पापुद्रे सुटलेले बघून जीव घाबरतो पण ठोकून काढल्यावर खाली बऱ्यापैकी पत्रा निघू शकतो. आम्हाला जास्त भीती वाटते ती पाण्याखाली चकचकीत, स्वच्छ दिसणाऱ्या खड्ड्यांची. ते बहुतेक वेळा विजेच्या करंटने खाल्लेलं असतं आणि असा खड्डा कधी आरपार जाईल सांगता येत नाही.

जाडी आम्ही अल्ट्रासोनिक गेजने (आवाजाच्या लहरींनी जाडी मोजणाऱ्या यंत्राने) मोजतो. इथे एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही: साध्या गेजने रंगावरूनच रीडिंग घेतलं तर रंगाची जाडी दुपटीपेक्षा जास्त होऊन लोखंडाच्या आकड्यात मिसळते, म्हणजे ४ एमएमचा पत्रा आरामात ५ दाखवेल. त्यामुळे एकतर रंग खरवडून मोजायचं नाहीतर रंग वगळणारं गेज वापरायचं. पाण्याची रेघ, तळाचे कोपरे, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आसपास आणि टाक्यांखाली जवळजवळ मोजतो, बाकी ठिकाणी लांब लांब. मूळ जाडीतला साधारण पाव भाग गेला असेल तर ती प्लेट बदलायची, हा आमचा हिशोब.

बदलायची म्हणजे कापून काढायची आणि नवीन बसवायची, कोपरे गोल ठेवून. वरून ठिगळ मारून स्वस्तात करा असं बरेच जण सांगतात. तात्पुरतं ठीक आहे, पण दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते, आणि ६ एमएम पत्रा चौरस मीटरला ४७ किलो भरतो, अशी चार-पाच ठिगळं लावली की बोट खाली बसते आणि एका बाजूला कलते ते वेगळंच. वेल्डिंगला ७०१८ रॉड लागतो तो ओव्हनमध्ये गरम करून कोरडा केलेला, आपल्याकडच्या हवेत पाकीट उघडं टाकलं की तो ओल धरतो. आणि डिझेल टाकी रिकामी करून आतली वाफ काढल्याशिवाय, पत्र्यामागचा फोम सोलल्याशिवाय आमचा माणूस आर्क लावणार नाही, कितीही घाई करा. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला फायर एक्स्टिंग्विशर घेऊन एक जण उभा राहतो, त्याची मजुरी बिलात येते, त्यावर घासाघीस करू नका प्लीज.

रंगाचं काम दिवाळीनंतर ते मार्च. ब्लास्टिंग (हवेच्या जोराने खडे मारून जुना रंग-गंज काढणं) झालं की उघडं लोखंड काही तासांत लाल पडायला लागतं, प्रायमर त्याच दिवशी. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ डिग्री गरम नसेल तर आम्ही डबा उघडत नाही. साध्या वाळूने ब्लास्टिंग करत नाही, त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो, कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरतो. काठावर उघड्यात तर अजिबात नाही, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिवरांमध्ये जुन्या रंगाचा चुरा उडवायचा नाही. बोट वर घ्यायची तारीख अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धरतो, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या) भरतीला गाळातून जड बोट वर येत नाही.

पाण्यात गेल्यावर अ‍ॅनोड (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) बघत राहा. समुद्रात झिंक चालतं, पण आपल्या खाडीत पावसाळ्यात पाणी गोडं होतं तेव्हा झिंक सुस्तावतं, आम्ही अ‍ॅल्युमिनियमचे सुचवतो. त्यावर कोणी हौसेने रंग मारला की ते मेलं. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) थेट लोखंडावर नको, तांबं टेकलं की लोखंड लवकर खातं, मध्ये एपॉक्सीचे जाड थर हवेत. त्याच कारणाने पितळी व्हॉल्व्हही सरळ पत्र्याला टाइट करू नका.

इंजिनाचं फार टेन्शन घेऊ नका, ट्रकचं मरीन केलेलं इंजिन असेल तर पार्ट मिळतात. हीट एक्स्चेंजर (इंजिन थंड करणारा) आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपातली रबरी चकती) बघा. शाफ्ट फिरताना ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून) थेंब थेंब पाणी येणं चांगलं, एकदम कोरडं म्हणजे पॅकिंग जास्त आवळलंय.

कागद मात्र नीट बघा. नदी-खाडीतल्या बोटींचा १९१७ चा कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ आहे, रजिस्ट्रेशन आणि सर्व्हे सर्टिफिकेट दोन्ही मागा, इंजिन नंबर जुळवा. भंगाराच्या पावतीवर बोट चालवता येत नाही.

आम्हाला बोलवताना बोट ओहोटीला कोरडी पडेल अशी किंवा वर काढलेली असू दे, फळ्या उघडून ठेवा, आणि आठ-दहा ठिकाणी रंग खरवडायला मालकाची परवानगी आधी घ्या. तो नाही म्हणाला तर आम्हाला बोलवूच नका, व्हिजिटचे पैसे उगाच जातील.