पाकिटावर नंबर आहे म्हणजे सरकारने तपासलंय? नाही हो

सोलापुरात शेंगा चटणीचं पाकीट घेताना हमखास ऐकू येतं, "एफएसएसएआयचा नंबर आहे की ओ, सरकारने पास केलंय." नाही. एफएसएसएआय म्हणजे केंद्र सरकारची अन्न सुरक्षा संस्था, पण तिचा तो १४ आकडी नंबर त्या पाकिटाचा नसतोच, धंदा करणाऱ्याचा असतो. पहिला आकडा १ असेल तर लायसन, २ असेल तर छोट्या धंद्याचं नुसतं रजिस्ट्रेशन, चौथा-पाचवा आकडा म्हणजे नंबर मिळाल्याचं साल. आतली चटणी ताजी की खवट याच्याशी त्याचा संबंध शून्य.

तपासणी होते ती अन्न व औषध प्रशासनाचा माणूस दुकानातून किंवा कारखान्यातून सॅम्पल उचलतो तेव्हा, त्याचे चार भाग करून सील लावतात, एक विश्लेषकाकडे, म्हणजे लॅबमध्ये अन्न तपासणाऱ्याकडे, जातो आणि त्याने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असं २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. लेबल फसवं निघालं तर ३ लाखांपर्यंत दंड, माल कमी दर्जाचा निघाला तर ५ लाखांपर्यंत, आणि खाणाऱ्याला अपाय करणारा असेल तर जेलसुद्धा. एक्सपायरी उलटलेला माल विकला तर "कंपनीला विचारा" म्हणून दुकानदार सुटत नाही बरं का, कायदा त्यालाही धरतो.

सुट्ट्या मिठाईलासुद्धा ऑक्टोबर २०२० पासून ट्रेसमोर 'बेस्ट बिफोर' तारीख लावायचा नियम आहे, पेढे घेताना बघा किती ठिकाणी दिसते ते.

आणि शंका आली तर याच कायद्याच्या कलम ४० खाली फी भरून गिऱ्हाईक स्वतःपण विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त घेताना दुकानदाराला तसं सांगायचं, आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते.