पाऱ्याचा सेल गेला, मीटर मागे राहिला

जुना फिल्म कॅमेरा पुन्हा वापरात आणायचा म्हटलं की बहुतेक दुखण्यांवर इलाज ठरलेला असतो. मागच्या झाकणातला डांबरासारखा चिकट झालेला फोम खरवडून नवा लावता येतो, अडकणारं शटर उघडून साफ करता येतं, लेन्समधली बुरशी वेळेत दिसली तर निघते. जाणकारांचे वाद रंगतात ते कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या सेलच्या खाचेवरून. एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान अशा त्या खाचेत कोणता सेल घालायचा, यावर पंचवीस वर्षांत एकमत झालेलं नाही.

कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजून किती प्रकाश घ्यायचा ते सांगतो. जुन्या सेलेनियमच्या मीटरला सेल लागतच नसे, त्यामुळे तो काळ इथे बाजूला ठेवू. १९६० च्या दशकात कॅडमियम सल्फाइडचे मीटर कॅमेऱ्यात आले. आकाराने छोटे, मंद उजेडातही चालणारे, पण बाहेरून वीज मागणारे. त्यांच्यासाठी पाऱ्याचा सेल निवडला गेला. तो १.३५ व्होल्ट देतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तेवढेच देत राहतो. इतका स्थिर सेल हाताशी असल्यावर व्होल्टेज सांभाळणारं वेगळं सर्किट कशाला घालायचं, असा हिशेब अनेक कारखान्यांनी केला. म्हणजे सेल हा मीटरचाच एक भाग बनला. मिनोल्टा एसआर-टी १०१, ऑलिम्पस ओएम-१, कॅननेट क्यूएल१७ आणि आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षं दिसलेला याशिका मॅट १२४जी हे सगळे पीएक्स ६२५ नावाच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारे.

मग बंदी आली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने असे बटण सेल विकणं थांबलं आणि युरोपात २००० पासून दार बंद झालं. कारण रास्त होतं. या सेलच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ पारा असे, आणि वापरलेले सेल सरळ कचऱ्यात जात. पाऱ्याने पाण्याचं आणि माणसांचं काय होतं हे जपानमधल्या मिनामाताने १९५६ पासून जगाला दाखवलं होतं. या निर्णयावर माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो त्यानंतर झालेल्या नामकरणावर. पाऱ्याच्या सेलच्या जागी त्याच मापाचा अल्कलाइन सेल बाजारात आला आणि त्याच्या नावातही ६२५ हाच आकडा राहिला. कुठे पुढे ए, कुठे जी, एवढाच फरक. गिऱ्हाईक जुना सेल घेऊन दुकानात जातो, आकडा जुळतो, माप जुळतं, सेल खाचेत नीट बसतो, सुई हलते. व्होल्टेज मात्र १.५, आणि तेही दर महिन्याला थोडं थोडं उतरणारं. नव्या सेलवर सुई जास्त वर जाते, मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फिल्मला प्रकाश कमी मिळून निगेटिव्ह फिक्या येतात. काही महिन्यांनी चूक कमी होते, पुढे उलट दिशेला जाते. इतक्या लोकांनी आपला कॅमेरा बिघडला असं समजून तो माळ्यावर टाकला असेल, की या एका आकड्याबद्दल वाईट वाटतं. वेगळ्या व्होल्टेजला वेगळा आकडा द्यायलाच हवा होता.

चांदीचा, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो, म्हणून काही जण तो घालून फिल्म स्पीडची चकती, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते मीटरला सांगणारी चकती, थोडी फिरवतात. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत ही चूक उन्हात एक आणि सावलीत दुसरी असते. निगेटिव्ह फिल्म थोडंफार सांभाळून घेते, स्लाइड फिल्म अजिबात नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही चिंता नाही. त्यात ब्रिज सर्किट आहे, ते दोन बाजूंची तुलना करतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं बदललं तरी वाचन तेच येतं.

बाकीच्यांसाठी पहिला उपाय निघाला तो श्रवणयंत्राच्या दुकानातून. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो, भोवती रबराची रिंग घातली की खाचेत बसतो. स्टिकर काढल्यावर हवा लागते आणि काही आठवड्यांत तो संपतो. कोकणात पावसाळ्यात त्याच्यावर फार विसंबू नये, दमट हवा त्याला सोसत नाही.

दुसरा उपाय शॉट्की डायोडचा. चांदीच्या सेलचं व्होल्टेज तो पाऱ्याच्या सेलइतकं खाली आणतो. काही कारागीर हा डायोड कॅमेऱ्याच्या आतल्या वायरीत सोल्डर करतात, काही जण आतला रेझिस्टर फिरवून मीटर नव्या व्होल्टेजला जुळवून घेतात. मला डायोड असलेलं धातूचं अडॉप्टर पसंत आहे. कॅमेरा उघडावा लागत नाही आणि पुढच्या मालकाला तो मूळ अवस्थेत मिळतो.

आतून बदललेल्या कॅमेऱ्यावर तशी खूण क्वचितच केलेली असते. त्यात पुन्हा डायोडवालं अडॉप्टर घातलं तर व्होल्टेज दोनदा उतरतं आणि मीटर उलट्या बाजूला चुकतो. म्हणून विक्रीला आलेल्या कॅमेऱ्याखाली ‘मीटर चालू’ असं लिहिलेलं असलं, तरी कोणत्या सेलवर, हे आधी विचारून घ्यावं.