सांडलेलं रॉकेल आणि पुसायचं फडकं

जपानमध्ये थंडी पडली की पेट्रोल पंपांवर १८ लिटरचे प्लास्टिकचे कॅन दिसू लागतात. तोक्योच्या बाजूला लाल, ओसाकाकडे निळे. आत असतं ‘तोयू’, म्हणजे आपलं रॉकेल. रेशनच्या रांगेत उभं राहून ज्यांनी ते घरी आणलंय, त्यांना वास लगेच ओळखू येईल. तिथे त्यावर खोली गरम करायचे स्टो चालतात, भाड्याच्या घरांतसुद्धा.

ते सांडतं बहुधा भरताना. कॅनमधून स्टोच्या टाकीत रॉकेल ओढायला हातपंप असतो. त्याचा फुगा चार वेळा दाबला की पुढे काही करावं लागत नाही. कॅनमधली पातळी टाकीपेक्षा वर असेतो रॉकेल आपलं आपण वाहत राहतं. हीच शाळेत शिकलेली वक्रनलिका. पंपाच्या डोक्यावरचं झाकण सैल करून हवा आत सोडली, तरच धार तुटते. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि माणूस उठला, की पाचेक लिटरची टाकी भरून रॉकेल जमिनीवर.

अशा वेळी पहिली भीती आगीची. जळतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण ०.७ टक्के झाली तर ती पेट घेऊ शकते, आणि तेवढी वाफ सुटायला रॉकेल निदान ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. पेट्रोल मात्र शून्याच्या खूप खालीही तेवढी वाफ सोडतं. म्हणून थंड फरशीवरचं रॉकेलचं थारोळं लगेच भडकत नाही.

पण तेच रॉकेल फडक्याने टिपलं की गणित बदलतं. कंदिलाची वात आठवा. धाग्यांमधून रॉकेल वर चढतं, पातळ थरात पसरतं, आणि ज्योतीजवळचा इवलासा भाग क्षणात तापून वाफ सोडतो. रॉकेलने भिजलेलं फडकं, पायमोजा, वर्तमानपत्र ही सगळी वातच. त्यामुळे आधी स्टो आणि गॅस बंद करायचा, खिडक्या सताड उघडायच्या, आणि टिपलेले बोळे लगेच घराबाहेर काढायचे. भिजलेले कपडे ड्रायरमध्ये तर कधीच टाकू नयेत. ही चूक जिवावर बेतू शकते.

पाण्याचा पोछा मारू नका. रॉकेल पाण्यात मिसळत नाही, त्यावर तरंगत आणखी पसरतं. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून पाणी जिथे अडतं त्या फटीत ते सहज शिरतं. आधी कागदाने दाबून टिपायचं, चोळायचं नाही. मग वरून मैदा पसरायचा आणि त्याने तेल ओढलं की हाताने झाडून घ्यायचं. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या मोटारीत ठिणगी उडते. शेवटी भांड्यांचा साबण. त्याच्या रेणूचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी.

तातामीचं, म्हणजे तिथल्या जाड गवती चटईचं, प्रकरण अवघड. वरचं विणकाम पुसता येतं, आतल्या पेंढ्यात मुरलेलं नाही. रॉकेल सावकाश उडतं, थंडीत तर फारच सावकाश, आणि नाकाला त्याचा अगदी थोडा अंशही कळतो. वास कितीतरी दिवस रेंगाळतो.

या गडबडीत घरातल्या लहान मुलाकडे लक्ष हवंच. रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवू नये, हे आपल्याकडच्या प्रत्येक आईला ठाऊक असायला हवं. ते इतकं पातळ असतं की उलटी होताना श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मुलाला तडक दवाखान्यात न्यावं. अंगावर सांडलं तर ओले कपडे लगेच उतरवून साबणाने धुवावं. तसेच अंगावर राहिले तर भाजल्यासारखी कातडी सोलवटते.

घरमालकाला त्याच दिवशी कळवलेलं बरं. जपानमध्ये रोजच्या वापराने होणारी झीज मालकाच्या खात्यात जाते, निष्काळजीपणाचं नुकसान भाडेकरूच्या. आणि कित्येक भाडेकरारांत रॉकेलच्या स्टोला मुळात मनाईच असते, तेव्हा कॅन विकत घ्यायच्या आधी करार काढून ते कलम वाचावं.